बदलीच्या गावांची फेरी

आमच्या जामसंड्याच्या घरात माझी म्हणून एक खोली आहे. ओटीवरून आत गेले की माजघराच्या डाव्या हाताला. १९९३ साली नोकरीचा हुकूम खिशात घालून मी घराबाहेर पडलो तेव्हा आईने त्या खोलीला कडी घातली. पुढे केव्हातरी कडीला कुलूप आले. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही चार दिवस येतो तेव्हा ते निघते, एरवी आत आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि पेंढा भरलेला असतो.

२०२३ च्या दिवाळीत भाऊबीज आटोपल्यावर थोरल्या भावाने मला ओटीवर बसवून घेतले. म्हणाला, "घराची कौले उतरवायची आहेत. वासे वाळवीने खाल्लेत. नवीन बांधायचेच आहे तर तुझ्या वाटणीचे काय ते आता सांग. येऊन रवतलस काय? नायतर तसा सांग, तुझ्या वाट्याचे पैसे देतो." वहिनी दारातून म्हणाली, "पैशांचा ऱ्हवांदे, पण घराक कुलूप नको." तुळशीच्या लग्नापर्यंत उत्तर द्यायचे ठरले.

वाचकहो, मी शेती खात्यातला माणूस. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले. दापोलीच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. (कृषी) होऊन बाहेर पडलो तो तीस वर्षे लोकांना कलमे कशी लावावी हे सांगत हिंडलो. स्वतः मात्र कुठेच मूळ धरले नाही. निवृत्ती जवळ आलेली, तेव्हा भावाला काय सांगावे ते मी मनाशी ठरवूनच टाकले होते. जामसंड्यालाच यायचे, त्यात विचारायचे काय? पण रात्री सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही इथे जन्मलात म्हणून तुम्हाला सोपे आहे. मी या घरात वर्षाला आठ दिवस पाहुणी म्हणून राहिले. तीस वर्षांत पाच ठिकाणी चुली मांडल्या, त्यातल्या चार मोडल्या. उत्तर देण्याआधी ती चार घरे मला एकदा बघायची आहेत."

यावर मला काही बोलता येईना.

पुतण्याची पिकअप गाडी मोसमात आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजारात जाते आणि एरवी खळ्यात उभी असते. त्याने मागच्या हौद्यावर वेळूच्या कमानी करून ताडपत्री ओढली, खाली पेंढा आणि त्यावर गादी टाकली. एक शेगडी, पाण्याचा कॅन, डाळ-तांदूळ, आणि वहिनीने दिलेली सोलांची बरणी. अमेरिकेत म्हणे निवृत्त जोडपी स्वयंपाकघर आणि बिछान्यासकट मोटार घेऊन महिनेन् महिने देश पाहत फिरतात. त्याचे आपल्याकडे कौतुक होते. आपल्याकडचे गाडीलोहार आणि मेंढरांमागे जाणारे धनगर पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाड बरोबर घेऊनच फिरत आले, त्यांचे कौतुक मात्र कोणी केल्याचे आठवत नाही. असो. गाडी चालवायला पुतण्या, पुढे त्याच्याशेजारी आम्ही दोघे, असे निघालो.

नोकरीच्या क्रमाने जायचे तर आधी लांजा, पण वाट सोयीची म्हणून पहिल्यांदा आचरा, मालवणवरून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्याला गेलो. तिथे आम्ही १९९७ ते २००२ होतो. आमची मुलगी तिथलीच. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचे. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती तिथल्या, आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली आलेला 'रत्ना' आंबाही तिथलाच. आम्ही राहत होतो त्या घराच्या मागे मी वेंगुर्ला-४ चे एक कलम लावले होते. दार एका तरुण बाईने उघडले. अनोळखी माणसे, बाहेर ताडपत्रीची गाडी. तिला वाटले काही विकायला आलो. सौ.ने सांगितले तेव्हा तिने आत घेतले, पण अंग चोरूनच. स्वयंपाकघरातली सौ.ने बसवून घेतलेली जांभ्याची फळी जागेवर होती. काजू चांगला विस्तारला होता. "हे झाड आम्ही लावले," असे मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "हो का? आम्हाला वाटले आपोआप उगवले." चहा घेऊन निघालो. सौ. वाटेत म्हणाली, "पाच वर्षे राहिले तिथे, आणि आज मला पाणी मागायचासुद्धा संकोच वाटला."

तिथून कुडाळ, कणकवली, खारेपाटण, राजापूर करीत लांज्याकडे. पूर्वी १७ क्रमांकाचा म्हणत तो हा महामार्ग, आता त्याचा क्रमांक ६६. चौपदरी करताना रस्त्याकाठचे मोठमोठे वड-आंबे गेले आणि त्याबरोबर वळणांच्या खुणाही गेल्या. आमचे गाव लांज्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच. १९९४ साली लग्न होऊन सौ. पहिल्यांदा संसाराला आली ती इथे. पुतण्या विचारतो, "काका, थांबवू कुठे?" आणि मला सांगता येईना. दोनदा पुढे जाऊन मागे आलो. शेवटी सौ.लाच मागचे देवळाचे शिखर दिसले.

आमच्या दोन खोल्या म्हणजे घरमालकांची रस्त्याकडची पडवी. ती रुंदीकरणात गेली. सौ. ज्या विहिरीवर पाणी भरायला शिकली ती विहीरही गेली. मागचे मूळ घर तेवढे राहिले आहे, आणि आता त्याची ओटी सरळ महामार्गावरच उघडते. सौ. रस्त्याच्या कडेला उभी राहून बोट दाखवीत होती, "चूल इथे. न्हाणीघर इथे. इथे तुळस." बोट दाखवावे आणि त्या जागेवरून ट्रक जावा, असा प्रकार.

या गावी जायला मी मनातून कचरत होतो. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

घरमालक आजोबांची हापूसची बावीस झाडे होती. मोठी, जुनी, आणि हापूसच्या स्वभावाप्रमाणे एक वर्ष देणारी, एक वर्ष रुसणारी. त्या सुमारास पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे ज्याला सगळे 'कल्टार' म्हणून ओळखतात ते संजीवक, कोकणात नवे होते. पालवीचा जोर आवरून झाड मोहोराकडे वळवायचे हे त्याचे काम. विद्यापीठाची शिफारस होती आणि मी तरुण होतो. ओटीवर बसून मी आजोबांना कागदावर लिहून दिले: जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत द्यावे, झाडाच्या विस्ताराचा व्यास मीटरमध्ये मोजून दर मीटरला ३ मिलिलिटर, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती २५ ते ३० भोके पाडून त्यांत सारखे ओतावे. आजोबांनी कागद देवघरात ठेवला. १९९६ आणि ९७ असा सलग दोन वर्षे बाग लगडला. माझी बदली झाली तेव्हा त्यांनी आमच्या सामानाबरोबर दोन पेट्या आंबे घातले.

मग २००३ साली मला चिपळूणला त्यांचे एक कार्ड आले. वेंगुर्ल्याच्या पत्त्यावर जाऊन, तिथून फिरून आलेले. चारच ओळी होत्या. झाडे दमली आहेत, फांद्या वाळतात, एकदा येऊन बघून जावे, एवढाच मजकूर. चिपळूण ते लांजा म्हणजे एस.टी.ने तीन तासांची वाट. मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, मग पावसाळ्यानंतर जाऊ, असे करता करता कार्ड कुठल्यातरी फायलीत गेले. उत्तरही लिहिले नाही. खरे सांगायचे तर, जाऊन काय पाहावे लागेल याची मला भीती वाटली.

आजोबा २०११ साली गेले. हे मला त्या दिवशी, त्यांच्या मुलाच्या तोंडून कळले.

मुलगा आता साठीचा. त्याने हाक मारून ओटीवर बसवले, बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि मी विचारण्याआधीच म्हणाला, "चला, बाग बघू." वाटेत त्याने हकीकत सांगितली. पीक चांगले येते असे दिसल्यावर बाग व्यापाऱ्याला कराराने दिली. करार दोन-तीन वर्षांचा, झाड त्याचे नव्हे. त्याने विस्तार मोजला नाही, बाटलीच्या टोपणाने हवे तेवढे दरवर्षी घातले. शेणखत एकदाही नाही. डहाळ्या आखडल्या, मोहोर गुच्छासारखा एका जागी येऊ लागला, मग शेंडे वाळले, खोडकिडा लागला. बावीसमधली सात झाडे मेली.

"पण तुम्ही मोजून द्या म्हणून लिहून दिले होते," तो म्हणाला. "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, कागदात चूक नव्हती, आपण मोजले नाही."

मला ते ऐकून बरे वाटायला हवे होते. पण कागदात काय नव्हते ते मला ठाऊक आहे. संजीवकाने झाडाकडून जास्तीचे पीक घ्यायचे तर झाडाच्या पोटात तेवढे जास्त घालावे लागते. दहा वर्षांवरच्या झाडाला पावसाळ्याच्या सुरुवातीला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश, निदान एवढे तरी. नत्र दीड किलो म्हणजे युरिया सुमारे सव्वातीन किलो. अशक्त, रोगट झाडाला संजीवक देऊच नये. हे मी आजोबांना बोललो होतो, पण बोलताबोलता, लिहिले नव्हते. संजीवकाचा आकडा लिहिला आणि खताचा आकडा तोंडी राहिला. बोललेले विसरते आणि लिहिलेले देवघरात राहते. लिहिणारा मी होतो.

मुलाने पुढे करार बंद केला, संजीवक पूर्ण थांबवले. उरलेल्या पंधरा झाडांच्या वाळक्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत कापल्या, कापांवर बोर्डो पेस्ट लावली, आणि खत सुरू केले. सुरुवातीची काही वर्षे पीक नावापुरते. आता पंधरापैकी अकरा झाडांवर चांगली पालवी होती आणि दोनांवर मोहोराचे डोळे फुगलेले दिसले. मी एकेका झाडाखाली उभा राहिलो. सात मेलेल्यांच्या जागी त्याने नवी कलमे लावली आहेत. त्यांना संजीवक कधी द्यायचे म्हणून त्याने मला विचारले. मी म्हणालो, "दहा-बारा वर्षे नावही काढू नका." मग मला त्या कार्डाबद्दल बोलायचे होते. "बाबांचे पत्र आले होते मला," एवढेच म्हणालो. तो म्हणाला, "हो, मीच पेटीत टाकले होते." पुढे तो काही बोलला नाही, मीही नाही. रात्री आमची गाडी त्याच्या बागेतच उभी केली. सौ. घरात बायकांबरोबर भाकरी भाजायला गेली. मला बराच वेळ झोप आली नाही.

चिपळूणला २००२ ते २००८. बाजारपेठेच्या मागे एका चाळवजा घराची तळमजल्यावरची जागा. २६ जुलै २००५ च्या महापुरात पाणी उंबऱ्यावर आले तेव्हा मी दौऱ्यावर अडकलेलो. घरात सौ. आणि सात वर्षांची मुलगी. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यावरून खाली येऊन मुलीला हातोहात वर घेतले, मग सौ.ला, मग तांदळाचा डबा. दोन रात्री आमची माणसे त्यांच्याकडे होती. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूणकरांना नवे नाही, पण २२ जुलै २०२१ ला आले ते २००५ लाही विसरायला लावणारे. १८६४ पासूनचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यातून सुटले नाही. आम्ही गेलो तेव्हा आमच्या जुन्या खोलीत पत्र्याची कपाटे विकायला ठेवलेली होती. दुकानदाराने भिंतीवर तेलरंगाची एक रेघ ओढून तारीख लिहिली आहे. रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर.

काकू तिथे नव्हत्या. समोरच्या किराणावाल्याने पत्ता सांगितला, वर चढावर मुलाच्या फ्लॅटमध्ये. वय ऐंशीच्या घरात. सौ.ला पाहताच म्हणाल्या, "पोरगी कुठे आहे?" पुण्याला नोकरी करते म्हटल्यावर फोन लावायला लावला आणि पंधरा मिनिटे तिच्याशीच बोलल्या. आम्ही दोघे आपले बसून. निघताना सौ.ने त्यांना विचारले, इथे बरे वाटते ना? काकू म्हणाल्या, "घर चांगले आहे. पाणी इथवर येणार नाही. पण पाऊस वाढला की मी अजून रात्री उठून जिन्यापर्यंत जाऊन बघते." गाडीत बसल्यावर सौ. बराच वेळ बोलली नाही. परशुराम घाट चढल्यावर म्हणाली, "त्या घराचे मला काहीच वाटले नाही. काकूंचे वाटले."

खेडवरून दापोली. तिथे मी विद्यार्थी होतो, ते काही संसाराचे घर नव्हे, म्हणून वसतिगृहाकडे नुसती नजर टाकून पुढे गेलो. कोकण कृषी विद्यापीठ तिथे १९७२ साली झाले. त्याला आज डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे. मंडणगडवरून वेसवीला उतरलो. तिथे बाणकोटच्या खाडीवर गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. आमची ताडपत्रीची गाडी दोन मोटारींच्या मध्ये उभी राहिली, एका पर्यटकाने तिचा फोटोही घेतला. बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वरमार्गे श्रीवर्धन.

श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथांचे, म्हणजे पेशव्यांचे मूळ गाव. त्यांना बदलीचे गाव असे लाभले की मूळ गाव मागेच राहिले. आम्ही तिथे २००८ पासून पाच वर्षे होतो, एका सुपारीच्या वाडीतल्या घरात. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव मोठे. वाडीत भर दुपारी दिवा लावावा अशी सावली. पाटाचे पाणी, सुपारीवर चढवलेली मिरी, मध्ये जायफळ, केळी. सौ.ला सगळ्यांत आवडलेले घर हेच, आणि मला तीच काळजी होती. कारण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले ते याच भागात, आणि नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. त्या वेळी मी कणकवलीहून फोन लावीत होतो. आठ दिवस लागला नाही.

वाडीच्या फाटकातून आत शिरलो आणि डोळ्यांवर ऊन आले. त्या वाडीत ऊन मी कधी पाहिले नव्हते. जुन्यांपैकी तीस-चाळीस पोफळी इकडेतिकडे उभ्या, बाकी मोकळे आकाश. घराचे कौलारू छप्पर जाऊन पत्रा आलेला. मालक वादळाच्या आधीच वारले होते. त्यांच्या बाई, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, सत्तरीच्या पुढच्या, वाकून एका रोपाला आळे करीत होत्या. आम्हाला बघून उठल्या, हात पदराला पुसले, आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे: "बरे झाले आलात. ही पाने पिवळी का पडतात ते बघा आधी."

पाने उन्हाने करपत होती. सुपारीचे रोप सावलीतले. जुन्या झाडांची छत्री गेली की कोवळ्या रोपाला दक्षिण-पश्चिमेचे ऊन सोसत नाही. त्यांनी २०२१ च्या पावसाळ्यात तीनशे रोपे लावली होती, सगळी पावणेतीन मीटरवर, मालक लावीत तशी दोरी धरून. केळी लावली होती, पण पूर्वेला, पाटाच्या कडेने. मी म्हणालो, केळी दक्षिणेला आणि पश्चिमेला हवीत. तोवर झावळ्या टेकवा आणि खोडांना चुना लावा. त्यांनी लगेच मुलाला हाक मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच, पुतण्यासुद्धा, केळीचे मुनवे खणून लावीत होतो. सुटीवरच्या माणसाने कसे वागावे हे मला कधी जमले नाही.

दुपारी जेवताना सौ.ने त्यांना विचारले, "वहिनी, सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. मुले मुंबईला न्यायला तयार होती ना तुम्हाला?"

"होती की. महिनाभर राहून आले," वहिनी म्हणाल्या. "तिथे सकाळी उठून कशाला बाहेर जायचे ते कळेना."

तीन रात्री आम्ही त्या वाडीत गाडीत झोपलो. चौथ्या दिवशी निघालो ते वाटेत कुठे फारसे न थांबता, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी देवगड-निपाणी रस्त्याने जामसंड्याला पोहोचलो. दिर्बादेवीच्या देवळाशी गाडी थांबवून नमस्कार केला. मी सौ.ला काही विचारले नव्हते आणि तिनेही काही सांगितले नव्हते. घरी आल्यावर तिने वहिनीकडून किल्ली मागून घेतली, कुलूप काढले, आणि पुतण्याला हाताशी घेऊन आंब्याच्या पेट्या खळ्यात आणायला लागली. भाऊ बघत राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "दोन खोल्या नकोत. एक पुरे. पण पश्चिमेला पडवी हवी, आणि पडवीच्या पुढे एक झाड."

"पश्चिमेक कातळ आसा," भाऊ म्हणाला. "थय काय रुजणार नाय."

आता कातळावर झाड लावणे देवगड तालुक्याला सांगायला नको. आमच्या वाडवडिलांनी सुरुंग लावून खड्डे फोडले आणि बाहेरून माती आणून हापूस उभा केला. मी सवयीने सुरू झालो, खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. सौ.ने मध्येच थांबवले. म्हणाली, "कागदावर लिहा. आणि खताचेही लिहा."

जानेवारीत कौले उतरवली. खड्डा यंत्राने फोडून घेतला, चांगली माती आणि शेणखत भरून जून २०२४ मध्ये हापूसचे कलम लावले. पहिल्याच वर्षी शेजारच्या म्हशीने शेंडा खाल्ला. बाजूने दोन फुटवे आले आहेत, त्यातला जोरकस ठेवला. आता भोवती चिऱ्याचा गडगा घातला आहे.